इंजिन कोणाच्या गाडीचे काढायचे?

आषाढ वद्य एकादशीला पंढरपूरहून परतणारे वारकरी नरसी नामदेवला येतात. परतवारी म्हणतात तिला. त्या दिवशी कयाधूच्या काठापासून हिंगोलीच्या रस्त्यापर्यंत वाहनांची जी दाटी होते, ती बघण्यासारखी असते. एसटीच्या जादा गाड्या, काळी-पिवळी जीप, टमटम, मॅजिक, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि स्प्लेंडर तर विचारूच नका. बहुतेकांवर एमएच ३८. एखाद्या म्हाताऱ्या गाडीवर एमएच २२ दिसले, तर ती बहुधा १९९९ च्या आधीची, म्हणजे हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हाची. नांदेडला आलेले शीख भाविकही इकडे वळतात, त्यामुळे अधूनमधून पंजाबची नंबरप्लेट. एवढ्या गर्दीत क्लासिक स्पोर्ट्स कार मात्र एकही नाही, आणि ती असण्याचे कारणही नाही.

तरीही जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन काढून तिला विजेवर चालवण्याची जी टूम जगभर निघाली आहे, तिचा आढावा मला याच गर्दीच्या बाजूने घ्यावासा वाटतो. तंत्र एकच आहे. मालक वेगळे आहेत, रोजचे किलोमीटर वेगळे आहेत, आणि कायदाही दोघांना वेगवेगळ्या जागी अडवतो.

टूम लोकांच्या डोळ्यांत भरली ती १९ मे २०१८ रोजी. राजपुत्र हॅरी आणि मेगन मार्कल लग्नानंतर विंडसर किल्ल्यातून निघाले, ते निळसर रंगाच्या, छत नसलेल्या जॅग्वार ई-टाइपमध्ये. गाडी १९६८ ची, आत मात्र बॅटरी आणि मोटर. जॅग्वार कंपनीनेच ती 'ई-टाइप झीरो' या नावाने आदल्या वर्षी दाखवली होती. ४० किलोवॉट-तासांची बॅटरी, २२० किलोवॉटची मोटर, एका चार्जमध्ये सुमारे २७० किलोमीटर. सहा सिलिंडरचे जुने इंजिन जिथे बसत असे, नेमक्या त्याच मापात बॅटरी बसवली होती आणि गाडी मूळ गाडीपेक्षा ४६ किलो हलकी झाली होती. जॅग्वार २००८ पासून टाटांची, म्हणजे या प्रयोगाचा हिशेब अखेर मुंबईच्या बॉम्बे हाउसपर्यंत येत होता. गाड्या बनवून विकण्याची घोषणा झाली. २०१९ च्या अखेरीस ती योजना बाजूला ठेवण्यात आली. लग्नातल्या फोटोंनी जेवढे काम केले तेवढे कारखान्याने केले नाही.

त्याच सुमारास ॲस्टन मार्टिनने वेगळा मार्ग काढला. त्यांची विजेची यंत्रणा एका पेटीसारखी, जुन्याच माउंटिंगवर बसणारी. मालकाला पुढे कधी वाटले तर ती उचलून मूळ इंजिन परत बसवता येईल, अशी. फोक्सवॅगनने २०१९ मध्ये जुन्या बीटलला आपल्याच छोट्या विजेच्या गाडीची यंत्रणा लावून दाखवली. इंग्लंड-अमेरिकेत एवढेच काम करणारे कारखाने उभे राहिले. या सगळ्यांवर जुन्या गाड्यांच्या जागतिक महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१९ मध्येच आपले मत स्पष्ट केले: अशी गाडी ऐतिहासिक वाहन राहत नाही, बदल करायचाच असेल तर तो उलटा फिरवता यावा आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा.

मला फिवाचे म्हणणे पटते. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक रस्त्यावर येते तेव्हा लोक ती बघायला दुतर्फा उभे राहतात. त्या गाडीत बॅटरी घालावी, असे कोल्हापुरात कोणी सुचवून बघावे! वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघणाऱ्या गाडीचा धूर हा प्रदूषणाचा प्रश्न नाही.

हे नुसते भावनेने म्हणत नाही, आकडेही तेच सांगतात. समजा एक जुनी स्पोर्ट्स कार वर्षाला हजार किलोमीटर चालते आणि लिटरला आठ किलोमीटर देते. म्हणजे १२५ लिटर पेट्रोल, आणि लिटरमागे सुमारे २.३ किलो धरले तर वर्षाला २९० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तीच गाडी विजेवर नेली तर चार्जिंगमधली गळती धरून १७० युनिट लागतील. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची. देशाच्या ग्रिडचे प्रमाण युनिटमागे साधारण ०.७ किलो, म्हणजे १२० किलो. बचत १७० किलोची. पण ४० युनिटांची बॅटरी तयार करतानाच तीनेक टन कार्बन हवेत गेलेला असतो. तो फिटायला सतरा-अठरा वर्षे, आणि तोवर बॅटरी बदलायची वेळ आलेली असणार. इंग्लंडच्या राजाने आपली १९७० ची ॲस्टन मार्टिन वाइन आणि चीजच्या पाण्यापासून केलेल्या इंधनावर चालवली, तिची पुष्कळ थट्टा झाली. गणिताने बघितले तर तो मार्ग निदान मूर्खपणाचा नव्हता.

इंधनाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडच्या इथेनॉलचेही सांगतो. वसमतच्या पूर्णा कारखान्यापासून कोल्हापूरपर्यंत सगळा ऊसपट्टा आता पेट्रोलमध्येही आहे. देशभर पंपावर मिळते ते वीस टक्के इथेनॉल मिसळलेले. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टाकीत, कार्ब्युरेटरमध्ये गंज धरतो. जुन्या गाड्यांचे शौकीन विजेकडे बघू लागले आहेत त्यामागे पर्यावरणाइतकीच ही कटकटही आहे. पाइप आणि सील बदलून ती बऱ्याच अंशी मिटते, हे मात्र सांगायला हवे.

आता गाडीच्या पोटात नेमके काय होते ते बघू. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी निघते. मोटर जुन्या गिअरबॉक्सला एका प्लेटने जोडतात किंवा गिअरबॉक्सही काढून मोटर थेट मागच्या चाकांकडे नेतात. कंट्रोलर, चार्जर, बॅटरी. ऐकायला एवढे सोपे. मिस्त्रीची परीक्षा त्यापुढे असते. इंजिन चालू असताना जी कामे न सांगता होत होती, ती सगळी आता कोणीतरी करायची असतात. ब्रेकच्या बूस्टरला लागणारी हवेची ओढ इंजिन देत होते. आता त्यासाठी वेगळा पंप. दिवे आणि हॉर्नची बारा व्होल्टची बॅटरी अल्टरनेटर चार्ज करत होता; आता मोठ्या बॅटरीतून व्होल्टेज उतरवून घ्यावे लागते. वजन पुढून मागे सरकले की स्प्रिंग, शॉक ॲब्सॉर्बर, ब्रेक यांचे सगळे गणित बदलते. मोटर शून्यापासूनच पूर्ण जोर देते. चाळीस हॉर्सपॉवरसाठी घडवलेला जुना क्राउन-पिनियन असा झटका सोसत नाही, म्हणून कंट्रोलरमध्येच मोटरला लगाम घालावा लागतो.

आवाजाचे काय? स्पोर्ट्स कारच्या शौकिनाला विचारले तर तो अर्धा तास बोलेल. टमटमवाल्याला विचारले तर आवाज गेला म्हणून तो पेढे वाटेल.

कायदा या सगळ्यात कुठे उभा आहे, हे बघितले की गंमत वाटते. केंद्र सरकारने २०१६ मध्ये मोटार वाहन नियमांत सुधारणा करून जुन्या गाडीला हायब्रिड किंवा पूर्ण विजेचे किट बसवायला रीतसर वाट दिली. किट कसे तपासायचे याचे मानक म्हणजे एआयएस १२३. तपासणाऱ्या संस्थांपैकी मोठी आपल्या पुण्याचीच एआरएआय. त्या नियमात एक अट आहे: मूळ वाहन १ जानेवारी १९९० रोजी किंवा त्यानंतर बनलेले असावे. दुसरीकडे जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, वीस हजार रुपये फी, व्हीए मालिकेचा क्रमांक, रोजच्या वापराला मनाई. आणि अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा.

दोन्ही नियम शेजारी ठेवा. पन्नासच्या दशकातली एमजी किंवा जॅग्वार मुंबईच्या गॅरेजात असेल तर ती विजेवर नेल्यावर विंटेज राहत नाही, आणि १९९० च्या आधीची म्हणून किटच्या नियमातही बसत नाही. म्हणजे ई-टाइप झीरोसारखी गाडी महाराष्ट्रात करणे तंत्राने शक्य, रस्त्यावर आणणे अशक्य. सरकारने हे जाणूनबुजून ठरवले असेल असे मला वाटत नाही, पण निकाल बरा लागला आहे.

मग उरते कोण? भारतीय बनावटीची एक स्पोर्ट्स कार या चाळणीतून वयाच्या हिशेबाने सुटते: सॅन स्टॉर्म. १९९८ ला आलेली, फ्रान्समध्ये आखलेली, गोव्याच्या कारखान्यात जुळवलेली, दोन जणांची उघडी गाडी. अंग फायबरचे, इंजिन रेनॉचे, ११४९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. दिसायला स्पोर्ट्स, पळायला बेताची. खपही बेताचाच झाला. हलके अंग आणि किरकोळ इंजिन, म्हणजे विजेवर नेण्यासाठी याहून बरा उमेदवार शोधून मिळणार नाही. पण इथे तिसरी भिंत आहे. किटला मंजुरी मिळते ती गाडीच्या ठरावीक मॉडेलसाठी. ब्रेक, वजन, विद्युत सुरक्षा, रेडिओ अडथळा अशा चाचण्यांचा खर्च हजारो गाड्यांवर वाटला गेला तरच परवडतो. हातावर मोजण्याइतक्या उरलेल्या सॅन स्टॉर्मसाठी तो कोण करणार?

प्रीमियर पद्मिनीचीही कथा थोडीफार तशीच. वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही फियाट, १०८९ सीसीची, नऊशे किलोच्या आतबाहेर. नव्वदनंतरच्या पद्मिनी नियमात बसतात. मुंबईच्या टॅक्सींमधली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली. या गाडीने एक मोठे परिवर्तन आधीच पाहिलेले आहे, आणि त्याची आठवण या चर्चेत फारशी कोणी काढत नाही. शतकाच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. इंजिन तेच, इंधन वेगळे, गल्लोगल्ली किट बसवणारे. आदेश, पंप आणि मिस्त्री या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जागेवर असल्या की जुन्या गाड्या बदलतात, हे मुंबईने करून दाखवले आहे.

मराठवाड्यात तर गाडीचे काळीज बदलणे हा जुनाच धंदा. पेट्रोलची जीप घ्यायची आणि तिला डिझेल इंजिन लावायचे, हे कित्येक गॅरेजांनी केले. ओम्नीत घरगुती सिलिंडर ठेवून चालवणारेही सगळ्यांनी बघितले. त्यातला धोका माहीत असूनही पेट्रोलच्या भावापुढे लोकांनी तो पत्करला. परभणी-हिंगोलीकडे पेट्रोल राज्यातल्या सर्वांत महागांपैकी असते, कारण ते लांबून टँकरने येते. नांदेड जिल्ह्यात अर्धापूरच्या बाजूला फुलांची शेती करणाऱ्या एका शेतकऱ्याने जुन्या दुचाकीवर बॅटरी आणि मोटर बसवून ती फुले वाहायला वापरली, त्याच्या बातम्या झाल्या. असे प्रयोग गावोगाव होत असतात. नियमाच्या भाषेत त्यांना नाव नाही. आरसी बुकात इंजिन नंबर एक, गाडीत दुसरेच. विमा कंपनीने दावा नाकारायला एवढे पुरते.

पुण्याने हा विषय फार लवकर ओळखला होता, पण सरकारी कागदाने त्याची वाट लावली. जून २०१० मध्ये केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज यांनी मिळून 'रेव्होलो' नावाचे किट जाहीर केले. इंजिन काढायचे नाही. त्याच्या जोडीला मोटर आणि बॅटरी बसवायची, घरच्या प्लगवर चार्ज करायची, पेट्रोल चाळीस टक्क्यांच्या आसपास वाचवायचे. किंमत लाखाच्या आत. रवी पंडित यांच्या केपीआयटीने हे मांडले तेव्हा देशात असे काही बसवायचा नियमच नव्हता. नियम आला २०१६ ला. सहा वर्षांत बॅटरी बदलली, बाजार बदलला, मोठ्या कंपन्यांनी स्वतःच्या विजेच्या गाड्यांची तयारी केली. रेव्होलो दुकानापर्यंत पोहोचलेच नाही. या सगळ्या आढाव्यातली मला सर्वांत चुटपुट लावणारी गोष्ट हीच; कारण काम सोडून देण्याइतके ते वाईट नव्हते.

नंतरचे प्रयत्न लहान कंपन्यांचे. पुण्याच्या नॉर्थवे मोटरस्पोर्टने डिझायर आणि टाटा एससाठी किट केले. हैदराबादच्या ई-ट्रिओने आल्टो आणि डिझायर निवडल्या. ठाणे-कल्याणकडच्या गोगोएवनने हिरो स्प्लेंडरसाठी किट आणले, आरटीओच्या मान्यतेसह, पस्तीस हजारांच्या आसपास, बॅटरी वेगळी. मिळून खर्च लाखाच्या घरात जातो.

स्प्लेंडरचा हिशेब नरसीच्या माणसासाठी करून बघा. नरसीहून हिंगोलीला जाऊन येऊन रोज चाळीस किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस. लिटरला साठ धरले तर दोनशे लिटर, एकवीस हजार रुपये. विजेवर तेवढ्याला चारशे-सव्वाचारशे युनिट, साडेतीन हजार रुपये. बचत साडेसतरा हजारांची. लाखभर रुपये फिटायला साडेपाच-सहा वर्षे, तेही ज्या गाडीने आधीच दहा-बारा उन्हाळे काढले आहेत तिच्यावर. एवढ्याच पैशात वॉरंटीसह नवी विजेची स्कूटर मिळते. बजाजने २०२० मध्ये चेतकचे नाव विजेवर परत आणले, कायनेटिकने २०२४ मध्ये लुनाचे. कंपन्यांनी जुन्या गाडीत नवी यंत्रणा घालण्यापेक्षा नव्या यंत्रणेला जुने नाव दिले, आणि व्यापाराच्या दृष्टीने ते शहाणपणाचे होते. स्प्लेंडरचे किट मला तरी फार लोकांना घ्या म्हणून सांगवत नाही.

टमटमचे गणित मात्र निराळे आहे, आणि माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. बारामतीत बनलेली डिझेलची ॲपे, दिवसाला शंभर किलोमीटर, वर्षाला तीस हजार. लिटरला २८ धरले तरी हजारावर लिटर डिझेल, जवळपास लाख रुपये. विजेवर २,७०० युनिट, पंचवीस हजारांच्या आसपास. वर्षाला सत्तर हजार वाचतात, आणि सात-आठ युनिटांच्या बॅटरीचा कार्बन वर्षाच्या आत फिटतो. स्पोर्ट्स कारला अठरा वर्षे, टमटमला एक. गाडी ठरावीक मार्गावर चालते, रात्री घरी उभी असते, वेग कमी. जुनी गाडी विजेवर न्यायची तर ही.

याला वाट करून देणारे मात्र काही नाही. केंद्राच्या फेम-२ आणि नंतरच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेचे अनुदान नव्या गाडीला होते. जुन्या टमटमवाल्याने बँकेकडे जावे तर बँक नव्या गाडीला तारण धरते, किटला नाही. शेजारी हैदराबादेत रिक्षांना किट बसवून बॅटरी भाड्याने देण्याचे काम झाले आहे. मालकाने बॅटरी विकत न घेता चार्ज केलेली बदलून घ्यायची. मराठवाड्यासाठी हेच बरे दिसते, कारण इथे खरा धोका बॅटरीचा आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ वर, टमटम दिवसभर उन्हात, आणि रात्री चार्जिंगच्या वेळी लाइट गेलेली. २०२२ मध्ये विजेच्या दुचाकींना आगी लागल्या त्यानंतर बॅटरीच्या चाचण्या कडक झाल्या, डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागूही झाल्या. गावातल्या मिस्त्रीने जुळवलेल्या बॅटरीला त्या चाळणीतून जावे लागत नाही, आणि नेमकी तीच सर्वांत स्वस्त मिळते.

दिल्लीने नोव्हेंबर २०२१ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मोडीत काढण्याऐवजी विजेवर नेण्याची मुभा दिली. फ्रान्सने २०२० मध्ये पाच वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम केले. ब्रिटनने ऑगस्ट २०२५ मध्ये विजेवर नेलेल्या जुन्या गाडीला मूळ क्रमांक ठेवू देण्याची सोय केली. ही शेवटची सवलत शौकिनांना खूश करणारी. आपण तिची नक्कल करण्याची घाई नाही. आपल्या एसटीने पाच हजार डिझेल गाड्या एलएनजीवर नेण्याचे ठरवले आणि विजेसाठी शिवाईसारख्या नव्या गाड्या घेतल्या. मोठ्या संस्थेला दोन्ही वाटा एकाच वेळी परवडतात.

लहान माणसासाठी दोन गोष्टी करता येतील. मंजुरी मॉडेलगणिक न देता तीनचाकीच्या एका वर्गाला एकत्र द्यावी, आणि किट बसवण्याचे प्रशिक्षण आयटीआयमध्ये आणावे. हिंगोलीच्या मिस्त्रीला कंट्रोलर उघडता आला नाही तर टमटम नांदेडला न्यायची, तिथे पार्ट नाही म्हणून चार दिवस उभी, आणि चार दिवसांची भाडी बुडाली की वाचलेले डिझेल गेले.

राहिला प्रश्न काढलेल्या इंजिनाचा. ॲस्टन मार्टिनच्या मालकाचे इंजिन क्रमांकासह जपून ठेवले जाते, कारण त्याशिवाय गाडीची किंमत उतरते. टमटमचे डिझेल इंजिन चालू स्थितीत असले तर जुन्या बाजारात त्याला गिऱ्हाईक आहे, आणि बॅटरी भाड्याची अनामत भरायला ते पैसे उपयोगी पडतील. ते विकताना आरसीवरून जुना इंजिन नंबर आधी रीतसर उतरवून घ्यावा. नाहीतर ते इंजिन पुढे कुठे सापडले, तर पोलिस नरसीला येतील.